पूर्वपक्षाची सही

त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो अजून झालेला नव्हता. झाला असता तर कोणी म्हटलं नसतं. लोकांची जीभच तशी वाकडी. शेजारीण एकदा ताप चढलेल्या नवऱ्याला घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. 'ताप येतो म्हणजे नेमका कोणाला येतो' हे डॉक्टरने समजावायला घेतलं, तेव्हा तो नवरा दहा मिनिटांत उठून आपल्या पायांनी घरी गेला. ताप उतरला होता म्हणतात. पुन्हा कधी आला नाही, ताप आणि नवरा दोन्ही.

डॉक्टरचा विषय होता पूर्वेचं आणि पश्चिमेचं तत्त्वज्ञान, दोन्ही एका तराजूत घालायचं. जगाच्या दोन्ही टोकांना काही माणसं होऊन गेली, ज्यांनी बसून विचार केला आणि 'मी' असं काही नसतंच, असा निकाल दिला. पूर्वेकडच्यांना 'मी' सापडला नाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पश्चिमेकडच्यांना सापडला नाही तेव्हा चुकल्यासारखं वाटलं. एकाच रिकाम्या खोलीतून एक माणूस हसत बाहेर येतो आणि दुसरा चोरी झाली म्हणून पोलिसात जातो, तसं. डॉक्टरने दोघांची तुलना करून शेवटी दोघांनाही खोडून काढायचं, आणि 'मी' आहे बरं का, असं सिद्ध करायचं, एवढाच प्रबंध. दहा वर्षं झाली होती. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. सोमवारी विद्यापीठाचं पत्र आलं: शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध खिडकीवर दाखल न झाल्यास नोंदणी रद्द समजावी.

आता तुम्ही म्हणाल, जो माणूस मुळात नाहीच, त्याचं नाव कापलं तर बिघडलं कुठे? हाच विनोद विभागातल्या तिघांनी त्याला सोमवारी दुपारपर्यंत ऐकवला. तो तिन्ही वेळा हसला आणि तिन्ही वेळा त्याने पत्रावरची तारीख पुन्हा बघितली.

प्रबंध तयार होता. तीनशे बारा पानं, सहा प्रकरणं, भोकं पाडून नाडीने बांधलेली. अडलं होतं ते एका कागदावर, आणि हा कागद जगात दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात मागत नसतील.

तो कागद मॅडमचा. मॅडम म्हणजे विभागप्रमुख आणि डॉक्टरच्या मार्गदर्शक. चणीने एवढ्याशा, पण कॉरिडॉरमधून चालल्या की पंखेसुद्धा हळू फिरत. जुन्या पंडितांची एक रीत असते: ज्याचं मत खोडायचं त्याचं मत आधी आपल्या तोंडाने मांडायचं, तेही इतकं छान की त्याने ऐकून म्हणावं, वा, मला जमलं नसतं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. ही रीत ग्रंथात सगळेच वाचतात. मॅडमनी तिचा फॉर्म केला. तीस वर्षांपूर्वी तो नियमावलीत शिरला तो शिरलाच. फॉर्मवर एकच वाक्य: 'वर मांडलेले मत माझेच असून, मांडणाऱ्याने ते माझ्यापेक्षा वाईट मांडलेले नाही.' खाली सही. सही कोणाची? तर ते मत खरोखर मानणाऱ्या जिवंत माणसाची. मेलेल्यांना खोडणं सोपं असतं, मॅडम म्हणत, ते उठून बोलत नाहीत.

आणि आजवर सगळ्यांना माणसं मिळाली होती. 'जगात सगळं आधीच ठरलेलं असतं' हे खोडणाऱ्या मुलीने गाड्यांचं वेळापत्रक छापणारा गाठला. 'सुख हेच एक खरं' हे खोडणाऱ्याला असा गृहस्थ मिळाला की त्याने सहीला आठ दिवस लावले, कारण सही करण्यात त्याला काही सुख वाटेना. पण झाली.

डॉक्टरला वाटलं होतं, आपलं काम तर चुटकीसरशी. विभागात पश्चिमवाले सर होतेच. 'मी नाही' या मतावर त्यांचे चार लेख होते. मंगळवारी सकाळी त्याने चौथं प्रकरण, म्हणजे पूर्वपक्षाचं, त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी वाचलं, मान डोलावली, फॉर्मवर सही ठोकली, सहीखाली तीन पदव्या लिहिल्या आणि म्हणाले, "उत्तम. फक्त माझ्या चौथ्या लेखाचा उल्लेख राहिलाय. आणि नाव जरा ठळक घे रे."

तो फॉर्म मॅडमनी दोन बोटांनी उचलला आणि टोपलीत सोडला.

"चौथा लेख राहिला म्हणाले ना?"

"हो, मॅडम."

"ज्याला आपला चौथा लेख विसरता येत नाही, तो 'मी नाही' असं मानतो म्हणतोस? ते मत त्यांना पाठ आहे, मान्य नाही. मानणारा आण."

"मॅडम, शुक्रवार..."

"माझं डोकं दुखतंय," मॅडम म्हणाल्या, "आणि ते माझंच दुखतंय, याबद्दल मला तिळभर शंका नाही. म्हणून तर समोरचा खरा हवा. जा."

बुधवार असाच गेला, फोन करण्यात. गुरुवारी कोणीतरी सांगितलं, अरे, बागेतला माळी बघ ना. हा माळी एकेकाळी याच विभागात प्रबंध लिहीत होता, याच विषयावर. एक दिवस त्याने पेन खाली ठेवलं ते ठेवलंच, आणि ग्रंथालयामागच्या बागेत पाण्याचा पाइप उचलला. तो कधी 'मी' म्हणत नसे. पाणी घालणं चाललंय, जेवण झालं, झोप लागली होती, असं सगळं आपोआप घडल्यासारखं बोले.

डॉक्टरने वाफ्याच्या कडेला उकिडवं बसून त्याला अख्खं चौथं प्रकरण वाचून दाखवलं. पाइप एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत राहिला.

"बरोबर आहे?" डॉक्टरने विचारलं.

"बरोबर आहे."

"एक शब्द इकडचा तिकडे?"

"नाही."

डॉक्टरच्या जिवात जीव आला. त्याने फॉर्म पुढे केला, पेनचं टोपण काढून दिलं. माळ्याने फॉर्म वाचला आणि त्याच्याकडे अशा प्रेमाने बघितलं, जसं कोणी चप्पल घालून पोहायला निघालेल्या माणसाकडे बघतं.

"'माझेच आहे' म्हणून सही? कोण करणार ती?"

आणि पाइप पुढच्या झाडाकडे गेला.

मॅडमना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. "हा खरा! हा चालेल मला." शुक्रवारी सकाळी डॉक्टर धावत खिडकीवर गेला. खिडकीवरचा कारकून गेली बावीस वर्षं त्याच स्टुलावर होता आणि त्याला पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर सगळ्या दिशा सारख्या.

"सही कुठाय?"

"सही करणारा सही करत नाही. पण मॅडमना तो मान्य आहे."

"मग मॅडमना द्या प्रबंध. इथे सही लागते."

घ्या आता. जो सही करतो तो मॅडमना चालत नाही, कारण तो मत मानत नाही. जो मत मानतो तो कारकुनाला चालत नाही, कारण तो सही करत नाही. जात्याच्या या दोन दगडांच्या मधे डॉक्टर दाण्यासारखा उभा होता, आणि भिंतीवर साडेबारा वाजले होते.

मग त्याला ताई आठवली.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. कोर्टात दुभाषी. परक्या भाषेत बोलणाऱ्या साक्षीदारांचं बोलणं न्यायाधीशांना त्यांच्या भाषेत सांगायचं, हे तिचं काम. दुभाष्याचा नियम असा की 'तो म्हणतो की' वगैरे चालत नाही. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे घरी जेवताना ती सांगे, "आज सकाळी मी दोन घरं फोडली, दुपारी नवऱ्याला सोडलं आणि चार वाजता निर्दोष सुटले. वाढ जरा." वीस वर्षं दुसऱ्यांचं 'मी' बोलून बोलून जिच्या तोंडात स्वतःचं उरलं असेल नसेल, तिच्याहून योग्य माणूस कोण? दहा वर्षं एका घरात राहून त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि आलं ते खिडकीसमोर घाम पुसताना.

कोर्टाची मधली सुट्टी दीडला लागत होती. दुभाष्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं. त्या घड्याळाकडे बघूनसुद्धा डॉक्टरचं काळीज हललं.

"काय रे, कोण गेलं?" ताईने विचारलं.

"कोणी नाही."

"मग तूच गेल्यासारखा दिसतोयस. बस."

"ताई, बसायला वेळ नाही. इथे सही कर."

"न वाचता?"

"मी सांगतो ना काय आहे ते."

"वीस वर्षांत खून केलेल्यांसाठी न वाचता सही केली नाही. तू काय केलंयस असं मोठं?"

तिने चौथं प्रकरण ओढून घेतलं. तिला मनात वाचता येत नसे, सवयच मोडली होती. ती उभी राहिली, हात बांधले, घसा साफ केला आणि साक्ष द्यावी तसं वाचायला लागली.

"'सकाळी जाग येते तेव्हा काळजी आधीच उठलेली असते. ही कोणाची म्हणून शोधायला जातो, तर तिच्या मागे आणखी एक काळजी उभी असते. तिच्या मागे तिसरी. रांगेच्या टोकाला कोणी मालक बसला असेल म्हणून मी पुढे पुढे गेलो. टोकाला खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं. आणि रांग तरीही शिस्तीत उभी होती.'"

दारातून जाणारा एक वकील थांबला. ताईने पान उलटलं, आणखी दोन पानं वाचली, आणि मग काही न बोलता गठ्ठ्यातून सहावं प्रकरण काढलं.

"ते नको, ते खंडन आहे. सही चौथ्यावर..."

"एका बाजूचं ऐकून मी उठत नाही. 'येथे असे म्हणता येईल की, उपरोक्त मत ग्राह्य धरल्यास स्मरणाची उपपत्ती लागत नाही. सबब, अनुभवांना धारण करणारा कोणी एक आहे, हे स्वीकारणे अपरिहार्य ठरते.'" ती थांबली. तिने पुढचं पान बघितलं, त्याच्या पुढचंही, आणि कागद टेबलावर ठेवले.

"पहिला साक्षीदार खरं बोलतोय," ती म्हणाली. "हा दुसरा पढवलेला आहे."

"ताई, एकच माणूस आहे. दोन्ही मीच लिहिलंय."

"असेल. पण हा पढवलेला आहे. 'येथे असे म्हणता येईल'... कोण म्हणणार? तू म्हणणार की गल्लीतला कोणी? पढवलेला साक्षीदार सरळ बोलतच नाही, वकिलाचे शब्द ओठातल्या ओठात घोळवत राहतो. आणि 'सबब'! खरं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून 'सबब' मी जन्मात ऐकला नाही."

"दहा वर्षं मी खोटं लिहीत होतो?"

"खोटं कुठे म्हटलं? पढवलेला माणूस खोटारडा नसतो रे, घाबरलेला असतो. याचा वकील कोण?"

सहाव्या प्रकरणाचा एकूण एक मसुदा डॉक्टरच्या डोळ्यांपुढून गेला. नऊ मसुदे, प्रत्येकावर मॅडमची लाल शाई. 'स्मरणाची उपपत्ती' लाल शाईतून आलेली. 'अपरिहार्य' लाल शाईतून. 'सबब' तर तीन वेळा घातलेला.

"मग मी आहे की नाही?" त्याने उगाच विचारलं.

"तू नाहीस तर दहा वर्षं डबा कोणाला भरून दिला मी? हे तुझं तू बघ. पण सही माझी बसत नाही यावर. पहिलं म्हणणं तुझं आहे. आणि तुझं आहे तर तू ते खोडत का बसलायस, तेही जरा कोणाला तरी विचार."

घंटा झाली. ताईने साडी नीट केली आणि आत गेली, कोणाचा तरी 'मी' व्हायला.

तो कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला. दोन वाजून गेले होते. स्वतःची सही करावी? ज्याचं खंडन करायचं ते मत आपलंच, असं लिहून द्यावं? मग सहावं प्रकरण कोण लिहितंय? आणि हे स्वतःला विचारता विचारताच त्याला एक गोष्ट सुचली, जी सुचल्याबरोबर त्याने इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

चौथं प्रकरण जर आपलं असेल, तर ते शेवटी हवं. आणि सहावं जर दुसऱ्याचं असेल, तर ते आधी हवं. पूर्वपक्ष म्हणून. 'मी आहे' हे खरोखर मानणारं जिवंत माणूस शोधायला कुठे बाहेर जायचीही गरज नव्हती.

त्याने नाडी सोडली. बाकावरच सहावं चौथ्याच्या जागी घातलं, चौथं सहाव्याच्या. दोन्हीकडची, मागच्या प्रकरणाशी जोडणारी एकेक ओळ पेनाने बदलली. प्रबंधाचं नोंदलेलं नाव 'तुलना आणि परीक्षण' असं होतं. परीक्षणात कोण पास आणि कोण नापास हे नावात कुठे असतं? दहा वर्षांचं काम पाऊण तासात उलटं झालं. नाडीची गाठ मात्र चार वेळा सुटली.

मॅडमच्या दाराशी तो पोचला तेव्हा साडेतीन झाले होते. दारावर टकटक करायला त्याला आणखी सात मिनिटं लागली.

"सही मिळाली?"

"मिळेल, मॅडम. म्हणजे... आधी हे वाचता का? नवं चौथं प्रकरण."

मॅडमनी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर त्यांनी मान हलवली, दुसऱ्यावर हलवली, तिसऱ्यावर मान थांबली. मग त्यांनी मागची प्रकरणं उलटली, शेवटचं बघितलं आणि पुन्हा चौथ्यावर आल्या. पंखा फिरत होता की नाही कोण जाणे.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"सगळंच माझं आहे. हा 'सबब'सुद्धा."

"हो, मॅडम."

"तुझं काय आहे यात?"

"टायपिंग."

त्याला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मॅडमना त्याने कधी बघितलं नव्हतं. त्या एकदम कोणाच्या तरी मावशीसारख्या दिसल्या, थकून गाडीची वाट बघणाऱ्या.

"दहा वर्षं मला वाटत होतं, तुला माझं पटलंय."

"मलाही तसंच वाटत होतं. आज दुपारी दीडपर्यंत."

"मी सही केली तर काय होईल, कळतंय? माझ्या विभागातून, माझ्या हाताखालून, माझ्याच मताचं खंडन. पश्चिमवाले पेढे वाटतील."

"नियम तुमचाच आहे, मॅडम." हे तो बोलून गेला.

बाहेर कोणीतरी कपाट सरकवत होतं. सव्वाचार झाले. मग मॅडमनी चष्मा लावला आणि ड्रॉवरमधून लाल पेन काढलं.

"पण हे मी इतकं मऊ म्हणणार नाही."

"मॅडम, वेळ..."

"गप्प. पूर्वपक्ष कच्चा मांडणाऱ्याला खंडनाचा अधिकार नाही." आणि त्यांनी सपासप सुरू केलं. 'येथे असे म्हणता येईल की' उडालं. 'उपरोक्त' उडालं. 'सबब' तिन्ही ठिकाणचे उडाले. पान भराभर लाल होत गेलं आणि डॉक्टरला समोरून उलटं वाचता येत नव्हतं, तरी दिसत होतं, की त्याच्या डोळ्यांदेखत समोरचा पैलवान अंगाला तेल लावतोय. शेवटच्या पानावर मॅडमनी समासात एक ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि फॉर्म ओढला. 'वर मांडलेले मत माझेच असून' इथपर्यंत वाचून त्या थांबल्या. पुढचं पुन्हा वाचलं. मग सही केली, पदव्यांशिवाय.

"तुझं खंडन मी चाळलंय फक्त. पटलेलं नाही. दोन महिन्यांनी तोंडी परीक्षेत मी मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसणार नाही, समोर बसेन. सालपटं काढीन तुझी."

"हो, मॅडम."

"पाच वाजायला बारा मिनिटं आहेत. पळ!"

तो पळाला. जिना उतरताना एकदा पडला, पण प्रबंध वर धरून पडला. खिडकीवर पोचला तेव्हा पाचला सात कमी होते आणि कारकून टेबल पुसत होता.

"सही?"

"ही."

कारकुनाने सही बघितली, फॉर्म उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. बोटाला थुंकी लावली आणि पानं मोजायला लागला. एकेक करून. तीनशे बारा.

"एकशे चाळीसनंतर दोनशे एकतीस कसं?"

"तसंच आहे."

"आणि हे मधलं कुठे गेलं?"

"शेवटी."

"शेवट कुठाय?"

"मधे."

कारकुनाने त्याच्याकडे बघितलं, तत्त्वज्ञानवाल्यांकडे बघतात तसं, आणि मोजणी पुढे चालू केली. पाचला चार. पाचला तीन. नव्या चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाशी त्याचं बोट अडलं.

"इथे लाल शाईत काहीतरी लिहिलंय. 'मालक नाही म्हणतोस, ठीक. मग ही भीती कोणाला वाटते आहे?'" त्याने मान वर केली. "हे प्रबंधात धरायचं का?"

ही ओळ डॉक्टरने वाचलीच नव्हती. चौथ्या, म्हणजे आता सहाव्या, प्रकरणातली ती रांग, ती खुर्ची, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि या प्रश्नाला त्यात कुठेही उत्तर नव्हतं. एकसुद्धा ओळ नव्हती.

"धरायचं की नाही? पाच होतायत."

"धरा," डॉक्टर म्हणाला.

शिक्का बसला. कारकुनाने पोचपावती फाडून सरकवली आणि खिडकीचं फळकुट खाली ओढलं. पावती उचलायला गेलेला हात इतका थरथरत होता की ती दोनदा खाली पडली. हात कोणाचा, हे ठरवायला दोन महिने होते.